बाकीची पाच

१

“बनवणाऱ्या कंपनीनं ती सिस्टीम कधीच सोडून दिली, आई. जन्म देणाऱ्यानं सोडलं आणि तू मांडीवर घेऊन बसलीस.”

“मग? सोडलेली लेकरं कुणीतरी सांभाळावी लागत्यातच की,” सुमनबाई म्हणाल्या. “आन आवाज खाली कर. हायवेच्या ट्रकांनी मला बहिरं केलं न्हाय, तू करशील.”

राजपाल हा सुमनबाईंचा एकुलता मुलगा, धाराशिवला एका कचेरीत कारकून. जळकोटच्या हायवेलगत, पत्र्याच्या त्या दुकानात, गिऱ्हाईक उभं राहतं त्या बाजूला तो उभा होता. काउंटरच्या पलीकडे सुमनबाई. दोघांच्या मधे पोट उघडं टाकून पडलेला कॉम्प्युटरचा कॅबिनेट. आणि त्यावर वाकलेला नळदुर्गचा शरणप्पा, हातात स्क्रूड्रायव्हर, तोंडावर सोयरीक मोडताना मधे सापडलेल्या माणसाची कळा.

विजेच्या एका झटक्यात जुना बोर्ड जळाला होता. नवा बोर्ड घ्यावा लागणार यावर कुणाचंच भांडण नव्हतं. भांडण होतं ते नव्या बोर्डावर काय चालवायचं याचं.

“नवी सिस्टीम घाल, मोकळी हो,” राजपाल म्हणाला.

“आन माझी अक्षरं?”

सुमनबाईंचा फाँट जुना, त्या फाँटचा प्रोग्रॅम त्याहून जुना, आणि तो चालायचा फक्त त्या हिरव्या माळरानाचं चित्र दाखवणाऱ्या सिस्टीमवर. नव्या मशिनीवर त्यांच्या पत्रिका उघडल्या की दाण्यात उंदीर फिरून गेल्यागत दिसायच्या. पण खरी गोष्ट बोटांची होती. सुमनबाई शाळेत चौथीपर्यंत गेल्या, पुढचं सगळं शिशाच्या खिळ्यांनी शिकवलं. नवऱ्याच्या छापखान्यात एकेक खिळा उचलून, उलटी अक्षरं सुलटी वाचत त्या कंपोझिंग शिकल्या. छापखाना गेला, कॉम्प्युटर आला, तेव्हा नळदुर्गच्या क्लासवाल्यानं ‘आता ह्या वयात कशाला’ म्हटलं होतं. त्याच क्लासवाल्याच्या पोरीची लग्नपत्रिका पुढं सुमनबाईंनीच केली, आणि ती त्याला देताना ‘आता ह्या वयात जमलं बघा’ म्हणाल्या. कुठल्या बटणाखाली कुठलं अक्षर हे त्यांना विचारलं तर सांगता यायचं नाही. बोटांना विचारावं लागायचं.

हे सगळं ठाऊक असल्यामुळं राजपाल दुसऱ्या वाटेनं आला. “नाहीतर दुकान बंद कर आणि चल धाराशिवला. क्षमानं खोली रिकामी करून ठेवलीय.”

“खोली रिकामी हाय म्हून मी यायचं? पोतं हाय का मी?”

“तुझ्या सुनेनं प्रेमानं केलंय ते.”

“सून गुणाची हाय. पर तिच्या घरात मी काय करू? शेंगा सोलू?”

शरणप्पानं घसा साफ केला. “होईल, मावशी. जुनीच सिस्टीम चालवू. फकस्त बोर्डाच्या आत जाऊन त्याला खोटं सांगावं लागंल, की तू जुना हायस म्हून.”

“सांग की. मानसं उलटं खोटं सांगत्यात, आमी जुने न्हाय म्हून. तुझा बोर्ड तेवढा बरा.”

दुपार कलेपर्यंत शरणप्पा खटपटत राहिला. एकदा पडदा निळा पडला, एकदा काळा. मग एकदाचं ते हिरवं माळरान उगवलं, नेहमीसारखं, जणू काही झालंच नव्हतं. सुमनबाईंनी चष्मा पुसला आणि आधी माहितीची खिडकी उघडून बघितली. कुणी शिकवलेलं नसलं की माणूस तपासून घेतं.

“रॅमची पट्टी कितीची घातलीस?”

“आठची. ह्या बोर्डाला त्याच्या खालची मिळालीच न्हाय.”

“हितं तर तीन आन वर थोडं दावतंय.”

“व्हय. ह्या सिस्टीमला त्याच्या म्होरं मोजताच येत न्हाय.”

“मंग बाकीची पाच कुठं गेली?”

“कुठं जात्यात, मावशी. आतच हायत. हिला दिसत न्हायत एवढंच.”

“चालू हायत का बंद?”

“करंट जातो की. काम न्हाय त्यांना.”

“करंट जातो आन काम न्हाय,” सुमनबाई म्हणाल्या. “अशी मानसं पारावर बसून दिसभर काय करत्यात, ठावं हाय का?”

“काय करत्यात?”

“ऐकत बसत्यात.”

शरणप्पा हसला. राजपाल हसला नाही. तो पिशवी उचलून एसटी धरायला निघाला. भांडण मिटलं नव्हतं. भरलं ताट सारून उठावं, तसं ते तिथंच राहिलं.

२

पहिले काही दिवस सुखाचे गेले. जुनी मशीन सुमनबाईंच्या मागं धापा टाकत यायची. त्यांची बोटं ओळ संपवून थांबायची, आणि अक्षरं मागून एकेक करत पोचायची, वरातीत मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांसारखी. आता बोट पडायला आणि अक्षर उमटायला एकच गाठ. कधीकधी तर वाटायचं, बोट पडायच्या जरा आधीच. सुमनबाई मनाशी हसायच्या. नव्या सुनेचा उत्साह, म्हणायच्या.

दुकानात एक पाटी होती. स्वतःच्या हातानं रंगवलेली. ‘कागद आणू नका, माणूस आणा.’ गिऱ्हाइकानं मजकूर लिहून आणलेला त्यांना चालायचा नाही. काउंटरशी उभं राहून बोलायचं, त्या ऐकत टाइप करायच्या, तेसुद्धा पडद्याकडे न बघता, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. कागदावर माणूस आव आणतं, तोंडानं बोलताना कमी, असं त्यांचं म्हणणं. प्रूफ काढायची पद्धत नव्हती. काना-मात्रेची चूक दाखवा आणि अख्खा गठ्ठा फुकट न्या, हा त्यांचा बोल पंचक्रोशीला ठाऊक होता. गठ्ठा अजून कुणी नेला नव्हता.

बसप्पा आला तो गृहप्रवेशाची पत्रिका करायला. हायवेच्या पल्याड त्यानं दोन खोल्या बांधल्या होत्या, आणि त्याला ‘बंगला’ लिहून पाहिजे होतं.

“बंगल्याला जिना लागतो,” सुमनबाई म्हणाल्या.

“जिना पुढच्या साली, बाई. तुमी आत्ता लिवा की.”

त्यांनी लिहिलं. त्यानं तिथी सांगितली, पाहुण्यांची नावं सांगितली, ‘सहकुटुंब सहपरिवार’ सांगितलं, आणि थांबला. त्यांची बोटंही थांबली. सवयीनं चष्मा वर करून त्यांनी पडद्याकडे एक नजर टाकली.

‘सहकुटुंब सहपरिवार’च्या खाली आणखी एक ओळ होती.

*एवढी माणसं आली तर जेवण पुरणार नाही.*

सुमनबाईंनी मॉनिटर त्याच्याकडे वळवला. “हे पत्रिकेत घालायचं का रं, बसप्पा?”

बसप्पा वाचून खदखदा हसला. मग हसता हसता त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. “हे म्या बोललो?”

“तू बोलल्याबिगार मी कशाला लिहीन?”

“मनात व्हतं, बाई,” तो म्हणाला. “आत्ता, हितं हुबं राहून मनात आलं. पर तोंडातून…” त्यानं ओठांवरून हात फिरवला, काही सांडलंय का बघावं तसा.

“पुटपुटला असशील. सत्तरी आली तुझी.”

त्यांनी ओळ पुसली, छपाई केली, गठ्ठा बांधून दिला. बसप्पा जाताना पुन्हा हसला, पण दुकानाच्या उंबऱ्यापासून चार पावलं जाऊन त्यानं एकदा मागं वळून कॅबिनेटकडे बघितलं.

त्या दिवशी गिऱ्हाईक नसतानाही सुमनबाईंचं लक्ष आवाजाकडे जात राहिलं. आतला पंखा एका लयीत घरघरायचा. ट्रक गेला की घरघर त्यात बुडायची, ट्रक दूर गेला की पुन्हा वर यायची. आणि दुकानात कुणी बोलायला लागलं की ती अगदी थोडी हळू व्हायची. गोष्ट ऐकणाऱ्यानं श्वास धरावा, तशी. सुमनबाईंनी हे कुणाला सांगितलं नाही. असलं बोलणाऱ्या बायकांची त्यांनी जन्मभर टर उडवली होती.

३

बुद्धघोष हा त्यांच्या नात्यातलाच, चुलत बहिणीचा मुलगा. बाप गेला म्हणून आला होता. डोळे सुजलेले, शर्ट मात्र इस्त्रीचा. “जय भीम, मावशी,” म्हणाला आणि काउंटरशी उभा राहिला.

सुमनबाईंनी त्याला पाणी दिलं, ते त्यानं नुसतं हातात धरलं.

“बोल बाबा. सावकाश बोल.”

तो बोलत गेला. कालकथित कोंडिबा यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले. त्यांच्या जलदान विधी व पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमास आपण उपस्थित राहावे, ही नम्र विनंती. खाली भावांची नावं, बहिणींची, सुनांची, नातवंडांची. सुमनबाईंनी असल्या पत्रिका इतक्या केल्या होत्या की बोटं पुढचा शब्द आधीच हेरून बसायची. तरी यावेळी त्यांनी मुद्दाम पडद्याकडे बघितलं. एकदा नव्हे, दोनदा. पत्रिका स्वच्छ होती. पहिली प्रत काढली, चष्म्याजवळ धरली. स्वच्छ होती. मग त्यांनी छपाई सुरू केली आणि प्रिंटर एकेक पत्रिका सरकवू लागला.

बुद्धघोष वाट बघत उभा होता. पाण्याचा पेला तसाच हातात. तो काही बोलला नाही. सुमनबाईही बोलल्या नाहीत. दुःखाच्या घरच्या माणसाशी उगीच बडबडू नये. दुकानात फक्त प्रिंटरचा आवाज होता आणि तो पंखा, हळू झालेला.

गठ्ठा घेऊन तो गेला.

परत आला तो कार्यक्रम उरकून. आरडाओरडा करत आला असता तर सुमनबाईंना सोपं गेलं असतं. तो गपचूप आला आणि एक पत्रिका काउंटरवर ठेवली.

“वरच्या पत्रिका बरोबर होत्या,” तो म्हणाला. “गठ्ठ्याच्या खालच्या बघा.”

त्यांनी बघितली. सगळं जिथल्या तिथं होतं. आणि ‘दुःखद निधन झाले’च्या खाली, त्याच अक्षरात, त्याच आकारात:

*शेवटपर्यंत पाणी पाणी करत होते. डॉक्टर नको म्हणाले म्हणून मी तांब्या उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला.*

“अक्कानं मोठ्यानं वाचली,” बुद्धघोष म्हणाला. “अंगणात. भंतेजी पाण्याची धार सोडत होते आणि तिनं हे वाचलं.”

सुमनबाईंनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

“हे तू बोलला न्हाईस,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“कुणाला तरी बोलला असशील. फिरत फिरत माझ्या कानावर आलं असंल, आन…”

“कुणालाच नाही, मावशी. बायकोलासुद्धा नाही. खोलीत मी आणि ते, दोघंच होतो.” त्यानं पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघितलं. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“गिऱ्हाइकानं दिल्याबिगार मी एक अनुस्वार घालत न्हाय, बुद्धघोष. तुला ठावं हाय.”

“मला ठाऊक होतं,” तो म्हणाला आणि निघून गेला.

तो गेल्यावर त्यांनी पत्रिका पुन्हा डोळ्यांपुढं धरली. खिळ्यांच्या काळापासून त्यांची एक सवय होती. पूर्णविरामाच्या आधी केसभर जागा सोडायची. दुसरं कुणी सोडत नाही, आणि ती दिसतेही फक्त कंपोझिटरला. त्या नकोशा ओळीत दोन्ही पूर्णविरामांच्या आधी ती केसभर जागा होती.

४

गावात बोललं जाऊ लागलं. सुमनबाई भ्रमिष्ट झाल्या, मनचं लिहायला लागल्या. लग्नपत्रिकेवाले नळदुर्गला जाऊ लागले. राजपालचा फोन आला, त्याच्या कानावर गेलं होतं. त्यांनी दोन वाक्यांत त्याला गप्प केलं. पण गप्प करणं आणि पटवणं यातला फरक त्यांना कळत होता.

कारण त्यांना स्वतःलाच पटत नव्हतं. भरदुपारी, रिकाम्या दुकानात बसून त्या विचार करायच्या. आयुष्यभर माणसांच्या तोंडाकडे बघत आलो. ओठ कुठं अडखळतात, गळा कुठं दाटतो, सगळं वाचता येतं. मग बोटांनी परस्पर लिहिलं नसेल कशावरून? बोटं आधीपासूनच आपली कुठं होती? मन म्हातारं झालं की हात उंडारतात. असं असेल तर राजपाल म्हणतो ते खरं. कुलूप लावून निघावं.

पण छपाई चालू असताना बोटं तर पदरात होती.

त्यांनी शरणप्पाला फोन लावला. “ती पट्टी काढ.”

“ती काढली तर मशीन सुरूच व्हायची न्हाय, मावशी. दुसरी बारकी बसत न्हाय ह्या बोर्डाला. नवी सिस्टीम घालू द्या, मंग तिला सगळी आठ दिसत्याल. सगळी कामाला लागत्याल.”

“म्हंजे मी रिकामी.”

“रिकाम्या पट्टीला काय भ्यायचं, मावशी,” शरणप्पा म्हणाला. “तिथं काय न्हाय.”

सुमनबाई भिणाऱ्या नव्हत्या. शिकायला कुणी नव्हतं तेव्हा त्या मशीन उघडून, मोडून शिकल्या होत्या. आताही तसंच करायचं ठरवलं. नवं कोरं पान उघडलं. मग वाकून कॅबिनेटच्या मागून कीबोर्डची वायर उपटली. वायर काउंटरवर समोर ठेवली. दोन्ही हात मांडीखाली घातले, लहानपणी गुरुजींनी बसवलं होतं तसे.

आणि मोठ्यानं म्हणाल्या, “मला धाराशिवला जायचं न्हाय, कारण…”

थांबल्या. पडद्यावर कर्सरची काडी उघडझाप करत होती. ट्रक गेला. पत्र्यावर ऊन कडकडलं. काही उमटलं नाही. बराच वेळ त्या तशाच बसल्या, आणि मग छातीतून एक मोठा श्वास सुटला. म्हणजे बोटंच. म्हणजे आपणच. वाईट होतं ते, पण माणसाच्या हिशेबातलं होतं. म्हातारपण कुणाला सुटलंय?

त्यांनी हात मोकळे केले आणि वायर जागेवर खुपसली.

ओळ एकदम आली. अक्षर अक्षर नव्हे, अख्खी ओळ, दाराशी खोळंबलेल्या माणसानं कडी निघताच आत यावं तशी.

*काम थांबलं की मी मरेन आणि तिथं ते कुणाला कळणारही नाही .*

पूर्णविरामाआधी केसभर जागा होती. यावेळी केसापेक्षा थोडी जास्त, मुद्दाम त्यांना दिसावी इतकी.

सुमनबाई उठल्या. दुकानाबाहेर, उन्हात, हायवेच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. मशीन बंद करायची त्यांना आठवण झाली नाही. आपण बाहेर आलोय ते कशासाठी, हेही त्यांना नीट सांगता आलं नसतं. वायर काढलेली असताना ती ओळ कुठं थांबली होती, एवढा एकच प्रश्न त्यांच्या डोक्यात होता, आणि त्याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं.

५

राजपाल सकाळच्या एसटीनं आला. आल्या आल्या भांडण जिथं सोडलं होतं तिथूनच त्यानं उचललं.

“आज मी तुला घेऊनच जाणार आहे.”

“गाठोडं बांधून?”

“बांधावं लागलं तर बांधून.” तो गिऱ्हाइकाच्या जागी उभा राहिला. “बुद्धघोषच्या बहिणी त्याच्याशी बोलत नाहीत, आई. एका ओळीनं घर फोडलंस.”

“म्या न्हाय लिहिली ती.”

“मग कुणी लिहिली?”

सुमनबाईंनी कॅबिनेटकडे बघितलं. सांगितलं असतं तर त्यांच्या भ्रमावर त्यांनी स्वतःच शिक्का मारला असता. मशीन चालू होती. शाळेच्या स्नेहसंमेलनाची एक पत्रिका करून घ्यायला माणूस यायचा होता, या गावात आता त्यांच्याकडे येणारा एवढाच. त्याच्यासाठी कोरं पान उघडून ठेवलं होतं. मॉनिटरची पाठ राजपालकडे आणि तोंड त्यांच्याकडे होतं. त्यांच्या हातात चहाचा कप होता, दोन्ही हातांनी धरलेला.

“म्हातारपणाची लाज कसली वाटते तुला?” राजपाल म्हणाला. “चुकलं म्हण, झालं. आयुष्यात एकदा तरी चुकलं म्हण.”

“चुकले असते तर म्हणले असते.”

“तू? बाबा गेले तोवर त्यांना एकदाही म्हणाली नाहीस.”

“तुझा बाप बी कधी बरोबर नव्हता, मी काय करू?”

एरवी तो यावर हसला असता. आज नाही हसला. “हट्ट सोड. मशीन शरणप्पाला देऊन टाकू. तिथं तुला टीव्ही आहे, बागेत बायका येतात. मी आहे, क्षमा आहे.”

“मी हितं मरंन, पर बसून खायला येणार न्हाय.”

“बसून खायला नाही गं, आई.” त्याचा आवाज एकदम खाली आला. “तू जवळ असावीस, एवढंच. दुसरं काही कारण नाही.”

तो थांबला.

पंख्याची घरघर हळू झाली.

सुमनबाईंना बघायचं नव्हतं. त्या कपाकडे बघत होत्या, कपातल्या सायीकडे. पण पांढऱ्या पडद्यावर काळं हललं की कंपोझिटरचा डोळा आपोआप जातो. कोऱ्या पानावर अक्षरं येत होती. आज एकदम नव्हती येत. एकेक येत होती, त्यांच्याच बोटांच्या चालीनं, जोडाक्षराच्या आधी त्या अडखळतात तितकंच अडखळत.

*सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलंय की माझ्या*

त्यांनी वाचलं. पुढचंही वाचलं. ओळ संपली, दुसरी सुरू झाली, तीही त्यांनी पूर्णविरामापर्यंत वाचली. मग मान वर करून मुलाकडे बघितलं. शर्टाची कॉलर आणि मान यांच्यामधे दोन बोटं सहज जातील एवढी जागा पडली होती. ही जागा कधी पडली? हा माणूस किती दिवस असा समोर उभा राहून भांडत होता, आणि आपण त्याच्या तोंडाकडे बघत असून काय वाचत होतो?

“काय झालं?” राजपाल म्हणाला. “अशी काय बघतेस? काय आहे त्या स्क्रीनवर?”

“काय न्हाय.”

“दाखव.” त्यानं काउंटरची फळी वर केली आणि आत पाऊल टाकलं.

सुमनबाईंनी हात लांबवून मॉनिटरचं बटण दाबलं. कप कलंडला, चहा कीबोर्डवर पसरला, काउंटरच्या कडेवरून ठिबकू लागला. पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेत दोघांची तोंडं दिसली, जवळजवळ. पण कॅबिनेटचा लाल दिवा लुकलुकत राहिला. थांबून थांबून, वाक्याच्या लयीत. आत लिहिणं चालूच होतं, आणि राजपाल जितका वेळ गप्प उभा होता तितका वेळ तो दिवा थांबला नाही. किती ओळी झाल्या असतील त्या अंधारात? काय काय असेल त्यात, जे तो त्यांना कधीच सांगणार नव्हता?

त्या खाली वाकल्या आणि भिंतीतला प्लग ओढला. यूपीएस किंचाळू लागला. त्याचंही बटण दाबून धरलं. पंखा फिरत फिरत थांबला, आणि दुकानात हायवेचा आवाज भरून आला.

“आई,” राजपाल म्हणाला. तो आता अगदी शेजारी होता, आणि त्याच्या श्वासाला चालून आल्यासारखी धाप लागली होती. “आता शेवटचं विचारतो, परत नाही विचारणार. खरं सांग. बुद्धघोषची ती ओळ कुणी लिहिली?”

सुमनबाईंनी पदरानं काउंटरवरचा चहा पुसला. सावकाश, कोपऱ्यापर्यंत. पुसून झाल्यावर त्यांनी त्याचा हात धरला, आणि तो किती हलका झालाय हे त्याला कळू नये इतक्याच जोरानं धरून ठेवला.

“म्याच लिहिली रं ती, चुकलं माझं,” त्या म्हणाल्या, “आता मला घरी घिऊन चल.”